जमिनीचे जुनाट दुखणे

तुर्कस्तानच्या उत्तर भागात इस्मेतपाशा नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. त्याच्या आवारातील एक भिंत १९७०च्या सुमारास लंडनस्थित भूकंपतज्ज्ञ निकोलस ॲम्ब्रेसिस यांच्या निरीक्षणामुळे शास्त्रज्ञांच्या जगात प्रसिद्ध झाली. सरळ बांधलेली ही भिंत मधेच एका बाजूला सरकली होती. दोष गवंड्याचा नव्हता. भिंतीखालून उत्तर ॲनाटोलियन भ्रंश जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांची जमीन, कुणालाही धक्का न जाणवता, परस्परविरुद्ध दिशांना हळूहळू सरकत होती. भिंत फक्त त्याची नोंद ठेवत होती.

भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारे पंखे, पडणारी भांडी आणि घराबाहेर धावणारी माणसे येतात. पण ते मिनिट-अर्धा मिनिट म्हणजे एका लांबलचक प्रक्रियेचा शेवट असतो. त्याआधी कित्येक दशके, कधी शतके, जमीन दाबली, ताणली आणि मुरडली जात असते. डॉक्टरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. हृदयविकाराचा झटका एका पहाटे येतो, पण रक्तवाहिनीत चरबीचा थर साचायला वीस वर्षांपूर्वीच सुरुवात झालेली असते. झटका अचानक येतो. दुखणे जुनाट असते. जमिनीचे हे दुखणे आता उपग्रहांच्या मदतीने मिलिमीटरमध्ये मोजता येते. झटक्याची तारीख मात्र आजही कोणालाच सांगता येत नाही. मग मोजून उपयोग काय, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधायला तुर्कस्तानइतकी चांगली जागा नाही.

एक रेटा, तीन परिणाम

अरबस्तान ज्या भूपट्टावर आहे, तो युरेशियाच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे, वर्षाला सुमारे १८ मिलिमीटर वेगाने सरकतो. आपल्या पायाच्या अंगठ्याचे नख साधारण याच वेगाने वाढते. वेग नखाचा असला तरी रेटा अख्ख्या द्वीपकल्पाचा आहे, आणि समोर युरेशियाचा प्रचंड भूभाग ठाण मांडून बसला आहे. या दोहोंच्या कचाट्यात सापडलेल्या जमिनीचे काय होते, हे एकाच प्रदेशात तीन वेगवेगळ्या रूपांत पाहायला मिळते.

पूर्वेकडे, इराणच्या झाग्रोस पर्वतात, जमिनीला घड्या पडतात. फरशीवर पसरलेली सतरंजी एका टोकाने भिंतीकडे ढकलली की तिला जशा लाटा येतात, तशा तिथे खडकांच्या थरांना आल्या आहेत. शाळेच्या भूगोलात ज्यांना वली पर्वत म्हणतात, ते हेच. या थरांच्या तळाशी मिठाचा जाड थर असल्यामुळे वरचे खडक त्यावरून घसरत सुबक दुमडले गेले. या घड्यांच्या उंचवट्यांखाली खनिज तेल अडकून राहिले. १९०८ साली मस्जिद सुलेमान येथे पश्चिम आशियातील पहिली मोठी तेलविहीर लागली, ती याच पट्ट्यात.

मधल्या भागात, म्हणजे ॲनाटोलियात, जमीन दुमडण्याऐवजी बाजूला निसटते. आंब्याची ओली कोय दोन बोटांत दाबली तर ती जशी सटकते, तसा ॲनाटोलियाचा अख्खा तुकडा अरबस्तान आणि युरेशिया यांच्या चिमटीतून पश्चिमेकडे सरकतो आहे. या तुकड्याच्या दोन कडा म्हणजे दोन मोठे भ्रंश. उत्तर ॲनाटोलियन भ्रंश बाराशे किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावर वर्षाला दोन सेंटिमीटरहून थोडे अधिक सरकणे होते. पूर्व ॲनाटोलियन भ्रंशावर हाच वेग वर्षाला एक सेंटिमीटरच्या आसपास आहे.

पश्चिमेकडे, एजियन समुद्राच्या बाजूला, चित्र पुन्हा पालटते. तिथे क्रीट बेटाच्या दक्षिणेला आफ्रिकेचा भूपट्ट समुद्रतळाखाली बुडतो आहे आणि बुडता बुडता वरच्या जमिनीला आपल्याकडे ओढतो आहे. त्यामुळे पश्चिम ॲनाटोलियाचे भूकवच ताणले गेले, पातळ झाले आणि त्याला समांतर भेगा पडल्या. दोन भेगांमधला भाग खाली बसला की खचदरी तयार होते. शेजारचा भाग उंच राहिला की गट पर्वत. गेदिझ आणि ब्युयुक मेंदेरेस या नद्या अशाच खचदऱ्यांतून वाहतात.

कडक चिक्की, गरम पाक

दगडासारखी कठीण वस्तू दुमडते कशी आणि ताणली जाते कशी, असे कुणालाही वाटेल. उत्तर स्वयंपाकघरात सापडते. गुळाचा पाक गरम असताना त्याची तार निघते, तो हवा तसा ओढता येतो. तोच थंड झाला की त्याची चिक्की होते आणि ती काडकन मोडते. पदार्थ एकच, फरक तापमानाचा.

खडकाचेही तसेच. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. भूकवचाच्या वरच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये खडक थंड असतो. तो सोसतो तितके सोसतो आणि मग मोडतो. त्याच्याखाली तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की गारगोटीसारखे खनिजही घन अवस्थेतच, न तुटता, अतिशय संथपणे आकार बदलू लागते. त्यामुळे एकाच भ्रंशाची दोन रूपे असतात. खाली तो रुंद, मऊ पट्ट्यासारखा सतत सरकत राहतो. वर तो अरुंद असतो आणि बहुतेक ठिकाणी घर्षणामुळे अडकून पडलेला असतो. खालचे सरकणे थांबत नाही, वरचे सुरू होत नाही. या दोहोंमधला हिशेब ताणाच्या रूपाने साठत जातो.

१९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी हा हिशेब प्रथम नीट मांडला. वेताची छडी वाकवत नेली तर ती बराच वेळ वाकते, मग तुटते आणि तुटलेले दोन्ही तुकडे झटक्यात सरळ होतात. जमीनही भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे वाकते आणि एके दिवशी काही सेकंदांत सरळ होते. ते सरळ होणे म्हणजे भूकंप.

इस्मेतपाशासारखे भ्रंशाचे मोजके भाग मात्र पूर्ण अडकलेले नसतात. ते रोज थोडे थोडे सरकून काही ताण सोडून देतात. म्हणून ते निर्धोक ठरत नाहीत. इस्मेतपाशाजवळचा हाच भाग १९४४च्या मोठ्या भूकंपातही फाटला होता.

बारा टक्क्यांचा अर्थ

२७ डिसेंबर १९३९च्या पहाटे तुर्कस्तानातील एर्झिंजान शहर उद्ध्वस्त झाले. तीस हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर १९४२, १९४३, १९४४, १९५७ आणि १९६७ असे मोठे भूकंप होत गेले आणि ते साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत राहिले. १९४८ साली तुर्की भूवैज्ञानिक इहसान केतिन यांनी दाखवून दिले की हे सुटे अपघात नाहीत, एकाच लांब भ्रंशाचे तुकडे एकामागून एक तुटत आहेत. विणलेल्या कापडाचा एक टाका तुटला की शेजारच्या टाक्यावर ओढ वाढते, तसा प्रत्येक भूकंप पुढच्या तुकड्यावरचा ताण वाढवून ठेवत होता.

१९९७ साली तीन शास्त्रज्ञांनी या ताणाचे गणित प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक, आयकुत बार्का, तुर्कस्तानचेच होते. इझ्मित शहराजवळ तीस वर्षांत मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे, असे त्यांनी म्हटले होते. दोनच वर्षांनी, १७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे ३ वाजून २ मिनिटांनी, इझ्मित हादरले. सरकारी आकड्यांनुसार १७ हजारांहून अधिक मृत्यू झाले.

बारा टक्के हा आकडा ऐकून कुणी घर सोडत नाही. पण रुग्णाला पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका बारा टक्के आहे असे कळले, तर डॉक्टर त्याला झटक्याची तारीख सांगत बसत नाहीत. तंबाखू सोडायला सांगतात, रक्तदाबाची गोळी सुरू करतात. जमिनीच्या मोजमापाचा उपयोगही तेवढाच आणि तसाच आहे. कुठे, साधारण किती मोठा आणि किती शक्यता, एवढे कळते. उपचार त्यावरच ठरवावा लागतो.

सुपीक दऱ्यांचा मोह

धोका ठाऊक असतानाही माणसे भ्रंशावर का राहतात? कारण भ्रंशच त्यांना तिथे आणतो. जमीन खचली की खोलगट भाग तयार होतो, त्यात नद्या गाळ आणून टाकतात, गाळात शेती पिकते. भेगांमधून झरे फुटतात. रस्ते आणि रेल्वे डोंगर टाळून याच दऱ्या धरतात.

पश्चिम ॲनाटोलियातील पामुक्कले येथे भ्रंशातून वर येणाऱ्या कोमट पाण्याने चुन्याचे पांढरेशुभ्र टप्पे तयार झाले आहेत. शेजारच्या हिएरापोलिस या प्राचीन नगरात लोक या पाण्याच्या औषधी गुणांसाठी येत. तिथेच पाताळाचे दार मानली गेलेली एक गुहा होती. आत नेलेले बैल कोसळत, पुजारी मात्र जिवंत परत येत. आजच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप केले तेव्हा भ्रंशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथे जमिनीलगत साचतो असे आढळले. हा वायू हवेपेक्षा जड असतो. बैलाचे नाक त्या थरात बुडते, उभ्या माणसाचे त्याच्या वर राहते. चमत्कारामागे पुन्हा ताणलेली जमीनच होती.

पण दरीतला गाळ भूकंपात घात करतो. कठीण खडकावरून आलेली लाट मऊ गाळात शिरली की तिचा वेग घटतो आणि हेलकावा वाढतो. ३० ऑक्टोबर २०२० रोजी सामोस बेटाजवळ समुद्रात ७ तीव्रतेच्या आसपास भूकंप झाला. तो जमीन ताणली गेल्यामुळे झालेला भूकंप होता. केंद्रापासून सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या इझ्मिर शहरात शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक गाळाच्या जमिनीवर वसलेल्या बायराक्ली भागात.

ढिगाऱ्याखालची मूत्रपिंडे

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी पूर्व ॲनाटोलियन भ्रंश तुटला. तीव्रता ७.८ होती. फाटलेला पट्टा तीनशे किलोमीटरहून लांब होता. नऊ तासांनी शेजारच्या दुसऱ्या भ्रंशावर ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. या भ्रंशाच्या काही भागात त्याआधीचा मोठा भूकंप १५१३ साली झाला असावा, असे अभ्यासक मानतात. पाचशे वर्षे, दर वर्षी साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटर. २०२३ साली भ्रंशाच्या दोन बाजू अनेक ठिकाणी तीन मीटरहून, तर काही ठिकाणी पाच मीटरहूनही अधिक सरकल्या. पाच शतकांची बाकी दीड-दोन मिनिटांत चुकती झाली.

एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सीरियात आणखी हजारो. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’अंतर्गत एनडीआरएफची पथके आणि लष्कराचे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल पाठवले. आग्र्याहून गेलेल्या ९९ जणांच्या या पथकाने इस्केंदेरून येथे तात्पुरते रुग्णालय उभारून तीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार केले.

अशा वेळी डॉक्टरांना सर्वांत फसवा वाटणारा रुग्ण म्हणजे ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला, बोलणारा, पाणी मागणारा माणूस. त्याची मांडी किंवा दंड कित्येक तास काँक्रीटखाली दबलेला असतो. दबलेल्या स्नायूंच्या पेशी मरतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम व मायोग्लोबिन बाहेर पडते. भार आहे तोवर ही द्रव्ये बहुतांशी तिथेच अडकून राहतात. वजन उचलले, रक्तप्रवाह सुरू झाला की ती शरीरभर पसरतात. पोटॅशियम हृदय थांबवू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिका बंद करते. लघवी चहासारखी गडद होते आणि मग कमी कमी होत जाते. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्यातून काढलेल्या चार रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

१९८८च्या आर्मेनियातील भूकंपात शेकडो जणांची मूत्रपिंडे अशी निकामी झाली आणि डायलिसिसची यंत्रे कमी पडली. त्यानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपत्तींसाठी खास पथक उभारले. १९९९मध्ये इझ्मितला ते कामी आले. क्रश सिंड्रोममुळे मूत्रपिंडांवर परिणाम झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली, त्यांतील ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले आणि बहुसंख्य वाचले. पुढचा धडा १ मे २००३ रोजी बिंगोलच्या भूकंपात मिळाला. तिथल्या १६ रुग्णांना सलाइन फार लवकर आणि भरपूर देण्यात आले. डायलिसिसची गरज फक्त चौघांना पडली. आता नियम असा आहे की शक्य असेल तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच, हात मोकळा मिळताच, सलाइन सुरू करावे. पोटॅशियम असलेले द्रावण टाळावे. सुटका झालेला माणूस ठणठणीत दिसला तरी त्याला रुग्णालयात नेऊन रक्त आणि लघवी तपासावी.

हे सगळे शिकूनही एक गोष्ट उरते. ही सारी धडपड भिंत पडल्यानंतरची आहे. २०२३ साली अनेक इमारती पत्त्यांच्या कॅटप्रमाणे मजल्यावर मजला बसून कोसळल्या. तुर्कस्तानचे बांधकामाचे नियम कागदावर चांगले होते. पण नियम मोडून बांधलेल्या घरांना दंड भरून कायदेशीर करून घेण्याची सवलत वेळोवेळी दिली गेली होती; शेवटची मोठी सवलत २०१८ सालची. त्याच हाताय प्रांतातील एर्झिन या गावात मात्र एकही इमारत कोसळली नाही, असे वृत्त तेव्हा जगभर गाजले. तिथल्या महापौरांनी बेकायदा बांधकाम होऊ न दिल्याचे श्रेय घेतले. भूवैज्ञानिकांनी गावाखालच्या कठीण जमिनीकडे बोट दाखवले. दोन्ही कारणे खरी असू शकतात, आणि दोन्ही आधी तपासता येण्यासारखी आहेत.

आपल्या पायाखाली

तुर्कस्तानपासून हिमालयापर्यंत टकरीचा हा पट्टा सलग आहे. अरबस्तान जसा उत्तरेला रेटतो, तसा भारताचा भूपट्टही रेटतो. त्यातले वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकट्या हिमालयात जिरते आणि तिथे ताणाच्या रूपाने साठते. या रेट्याचा थोडा अंश भूपट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो. दख्खनच्या खडकात तो इतका संथ साचतो की पिढ्यान् पिढ्या काहीच घडत नाही आणि जमीन निर्धास्त वाटू लागते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हा समज कोसळला. तिथला भ्रंश दाबामुळे सरकला होता. तीव्रता ६.२च्या आसपास, म्हणजे तुर्कस्तानच्या मानाने कितीतरी कमी. तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच वजन त्या पहाटे अंगावर आले.

दगडाच्या घराला जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींना कवेत घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा घातला, भिंतीच्या आतबाहेरच्या दगडांना बांधणारे आरपार दगड बसवले आणि छताचे वजन कमी ठेवले, तर असे घर तडकले तरी पटकन ढासळत नाही. आतल्या माणसाला बाहेर पडायला तेवढा अवधी पुरतो. हे तंत्र किल्लारीनंतर महाराष्ट्राने शिकले. नवीन बांधकाम करताना, घरावर मजला चढवताना किंवा तळमजल्यावर दुकानासाठी भिंती पाडताना ते लक्षात राहते का, हा प्रश्न उरतोच.

इस्तंबूलच्या लोकांनाही सध्या हाच प्रश्न सतावतो आहे. शहराच्या दक्षिणेला मार्मारा समुद्राखालून जाणाऱ्या भ्रंशावर शेवटचे मोठे भूकंप १७६६ साली झाले. २३ एप्रिल २०२५ रोजी तिथे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. इमारती उभ्या राहिल्या. पण घाबरून उंचावरून उड्या मारल्याने आणि धावपळीत दोनशेहून अधिक लोक जखमी झाले. हाडे मोडली ती जमिनीने नव्हे, भीतीने. धक्का जाणवताच खाली बसावे, मजबूत टेबलाखाली डोके आणि मान झाकावी, टेबलाचा पाय धरून ठेवावा आणि हादरे थांबल्यावर जिन्याने उतरावे, हे शाळेतल्या मुलालाही शिकवता येते. मात्र ते उपयोगी पडायचे, तर डोक्यावरचे छत तेवढा वेळ टिकायला हवे. ते टिकेल की नाही, हे जमीन हलण्याच्या कितीतरी आधी, घर बांधतानाच ठरलेले असते.